टॉवरचा उपास

खोली भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात ते आम्हाला पाठ झालं होतं. नोकरी कुठं, माणसं किती, घरात मटण शिजतं का, गावाकडचे पाहुणे येतात का आणि आले तर जातात का. नवीन जालन्यात त्या आठवड्यात पाहिलेल्या प्रत्येक घरात हीच प्रश्नपत्रिका. या एका गृहस्थांनी मात्र माझ्या नवऱ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं, मधोमध उभं केलं आणि विचारलं, "मंठा कुठं?"

मंठा माझं माहेर. त्यांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी उन्हाकडे एकदा बघितलं आणि हात लांब करून दाखवला.

"बराबर. राजूर?"

राजूरच्या गणपतीला मी लहानपणापासून गेलेली. हात दुसरीकडे केला.

"अंबड? बदनापूर? देऊळगाव राजा?"

मी चौकातल्या पोलिसासारखी हात करत राहिले. नवरा दारात उभा राहून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"घर तुमचं," ते म्हणाले. "पयल्या भाडेकरूला दिशाच कळत नव्हत्या. एमए झाल्ता. काय उपयोग?"

भाडं किती, हे आम्हालाच आठवण करून विचारावं लागलं.

नवरा तेव्हा बियाण्यांच्या कंपनीत होता, महिन्यातले वीस दिवस खेड्यापाड्यांत. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. ही पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. परीक्षेचा अर्थ मला सामान लावल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी कळला. तव्यावर पोळी होती. वरच्या मजल्याच्या खिडकीतून हाक आली, "बाई, राजूर करा!"

मला वाटलं, राजूरला जायचं म्हणतायत. मी खालून ओरडले, "शाळा आहे मला!"

"जायचं न्हाई. करायचं. चाक फिरवा, चाक!"

मागच्या अंगणात आमच्या स्वयंपाकघराच्या दारासमोरच तो टॉवर उभा होता. तिकोनी, लोखंडी पट्ट्यांचा, तीन मजली घराएवढा उंच. अगदी वर ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांची अँटेना. तिच्यापासून एक पाइप टॉवरच्या पोटातून सरळ खाली आला होता आणि माझ्या छातीच्या उंचीला त्या पाइपवर जुन्या ट्रकचं स्टेअरिंग बसवलेलं होतं. स्टेअरिंगच्या खाली पत्र्याची गोल चकती, तिच्यावर पांढऱ्या रंगानं गावांची नावं: राजूर, देऊळगाव, मंठा, अंबड, बदनापूर, सिल्लोड. चाक फिरवलं की पाइप फिरायचा, पाइप फिरला की वर अँटेना फिरायची आणि ती ज्या गावाकडे तोंड करेल त्या गावापलीकडच्या मुलखाशी घरमालक, म्हणजे आमचे काका, बोलायचे.

सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि घरबसल्या जगभरातल्या अनोळखी माणसांशी बिनतारी गप्पा मारायच्या, असा एक छंद असतो, त्याला हॅम रेडिओ म्हणतात, हे मला त्या घरात कळलं. काका तार खात्यातून निवृत्त झालेले. यंत्र वरच्या खोलीत, चाक खाली अंगणात. स्वतःच खाली उतरून चाक फिरवलं तर वर येईपर्यंत पलीकडचा माणूस निघून जायचा. म्हणून त्यांना दिशा कळणारा भाडेकरू लागायचा.

पृथ्वी गोल आहे, हे मी चौथीच्या पोरांना शिकवत होते. पण ती गोल आहे म्हणजे नेमकं काय, ते मला काकांनी एका मोसंबीला दोरा गुंडाळून दाखवलं. जालन्याहून अमेरिकेला जवळची वाट पश्चिमेकडून नाही. ती राजूर, भोकरदन करत उत्तर ध्रुवावरून जाते. जपान देऊळगाव राजाच्या बाजूला, ऑस्ट्रेलिया मंठ्याच्या पुढं. अरबस्तानासाठी बदनापूर, आफ्रिकेसाठी अंबड. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरं खूश झाली आणि हेडमास्तर काळजीत पडले.

"अमेरिका म्हणा की सरळ," मी एकदा चिडून काकांना म्हणाले.

"अमेरिका तुम्ही बघितली? राजूर बघितलं. जे बघितलं न्हाई तिकडं माणूस बराबर तोंड करू शकत न्हाई."

मी चाक राजूरकडे फिरवलं.

काकांच्या कमरेला, पायजम्याच्या नाडीत, कायम एक पाना खोचलेला असे. कुठंही गेले तरी उभी असलेली वस्तू आधी हलवून बघायची, मग पुढचं बोलणं. विजेचा खांब, शाळेचं फाटक, माझ्या वर्गातला फळा. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या मागचा मांडवाचा खांब डुगडुगताना त्यांना दिसला. त्यांनी अक्षता शेजाऱ्याच्या हातात दिल्या, मांडवाबाहेर जाऊन दोर आवळला आणि सावधान व्हायच्या आत परत येऊन अक्षता मागून घेतल्या. "मांडव पडला तर लग्न लागून काय उपयोग?" हे त्यांचं स्पष्टीकरण.

लोखंड निवडताना तर बघावं त्यांना. जालन्यात लोखंडाला तोटा नाही. एमआयडीसीतल्या दुकानात जाऊन ते एकेक पट्टी उभी धरत, पान्यानं वाजवत, कान लावत. मुलगी बघायला आलेल्या सासूचं तोंड असतं तसं तोंड. दुकानदारानं कंटाळून चहा मागवला, की चहा पिऊन पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरुवात. पहिला टॉवर त्यांनी बांबूचा केला होता, दुसरा बोअरच्या पाइपचा, हा तिसरा. टॉवरांचे सगळे प्रकार त्यांना तोंडपाठ होते आणि प्रत्येकाबद्दल मत होतं. बिजागरीवर आडवा करता येणारा टॉवर असतो म्हणे. बोल्ट काढला की तो झुकतो, जमिनीवर उभं राहूनच सगळी दुरुस्ती करता येते. त्याचा त्यांना फार तिटकारा. "वाकणारा टॉवर? मंग झाडाला तार बांधा की!"

त्यांचं इंग्रजीही तार खात्यातलं. एक शब्द फुकट जायचा नाही. मी खाली भांडी घासत असले की वरून ऐकू यायचं: "वेदर हॉट. वाइफ वेल. बफेलो इन गार्डन." हॅम लोक एकमेकांना आपापल्या सामानाची माहिती देतात. यंत्र कोणतं, अँटेना कोणती, ती फिरवणारी मोटार, म्हणजे रोटर, कोणत्या बनावटीची. एकदा जपानच्या कुणी तरी विचारलं असावं. काकांनी खरं ते सांगितलं: "रोटर लेडी टेनंट. व्हेरी रिलायबल." काही आठवड्यांनी जपानहून रंगीत कार्ड आलं. त्यावर एक वाक्य होतं, तुमच्या रोटरला आमचा नमस्कार सांगा. काकांनी ते मला अंगणात उभं राहून गंभीरपणे वाचून दाखवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं माझा नवरा मला रोटर म्हणत होता. "रोटर, चहा होईल का?" मी त्याला अंबड करून टाकत असे, म्हणजे पाठ फिरवत असे.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू या टॉवरच्या सवत होत्या, असं त्या स्वतःच म्हणत. रेडिओच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. त्यांची तक्रार गप्पांबद्दल नव्हती, लोखंडाबद्दलही नव्हती. तक्रार एकच होती, की काका वर चढत.

वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाशी, टॉवरचं सगळं काम काढलं जाई. बोल्ट आवळायचे, गंज खरवडायचा, वरच्या बेअरिंगला ग्रीस भरायचं. ते सगळं काका स्वतः करत. कमरेला पट्टा, पट्ट्याला पाना, खिशात कापूस आणि दोरा. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलेलं, मधूनच चक्कर यायची, वय साठीकडे. काकूंनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, माहेरी जाऊन पाहिलं. काकांचं उत्तर ठरलेलं. "जे वर चढवलं त्याची विचारपूस करायला वर जावंच लागतं."

मग काकूंनी आपला उपाय काढला. ते चढतील त्या दिवशी त्यांना कडक उपास. सकाळपासून पाण्याचा थेंबही नाही. मागच्या पायरीवर टॉवरकडे पाठ करून बसायचं आणि राजूरच्या गणपतीचं नाव घेत राहायचं. काकांचे दोन्ही पाय जमिनीला लागले की गूळ-पाणी घ्यायचं आणि मग जेवण. गल्लीत या उपासाला टॉवरचा उपास म्हणत. बाया हसत. मला पहिल्या वर्षी हसू आलं. दुसऱ्या वर्षी मी पायरीवर काकूंच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार होता. त्यानंतर मी हसले नाही.

"बघू नको वर," त्या म्हणायच्या. "नुसतं मला सांग. कुठवर आले?"

"अर्ध्यात."

"अर्धं म्हंजे लई असतं गं."

टॉवरला तीन बाजूंनी जमिनीकडे ओढून धरणाऱ्या पोलादी तारा असतात. त्यांना ताण म्हणतात. तीन ताण सारखे असले तरच टॉवर सरळ उभा राहतो. एक राजूरच्या बाजूला, गच्चीच्या कडीला अडकवलेला. एक अंबडकडे, अंगणाच्या कोपऱ्यात. मंठ्याकडचा तिसरा ताण मात्र कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्याला होता. त्या जागेत शेजारच्या गवळीणमावशींच्या म्हशी असत. आणि आपल्याकडे जमिनीत खुंटा दिसला की त्याला जनावर बांधायचं असतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

या खुंट्यावरून मावशींशी काकांची कायमची जुंपलेली. "मावशी, म्हैस सोडा, अमेरिका हलून राह्यली!" असं ते खिडकीतून ओरडत. मावशी म्हणत, "अमेरिकेला काय होतंय, माझी म्हैस उन्हात मरून राह्यली." शेवटी काकांनी खुंट्याला गंज न लागण्याचा तांबडा रंग फासला, धोक्याची खूण म्हणून. झालं वेगळंच. आठ-पंधरा दिवसांत तिथं कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं. मग नारळ फुटला. खुंट्याचा म्हसोबा झाला. मी काकांना म्हणाले, लोकांना खरं सांगा. ते म्हणाले, "बिलकुल न्हाई. देवाला कुणी म्हैस बांधत न्हाई." आणि खरंच, पुढची काही वर्षं त्या खुंट्याला कुणी जनावर बांधलं नाही. दर वर्षी ग्रीसच्या दिवशी काका त्याला नवा तांबडा हात देत. मावशी त्यांना म्हसोबाचे पुजारी म्हणू लागल्या.

मध्ये काकांनी मला नोकरीवरून काढलं. ट्रकची काच पुसायच्या मोटारीपासून त्यांनी स्वतः रोटर बनवला आणि पाइप सोडवून अँटेनाच्या खाली बसवला. आता खोलीत बसून बटण दाबलं की अँटेना फिरणार. मी सुटले. पोळ्या करपायच्या थांबल्या. मोटार दिवाळीपर्यंत चालली आणि मग अंबडकडे तोंड करून अडकली. हिवाळा आणि उन्हाळा काका फक्त आफ्रिकेशी बोलत होते. ग्रीसच्या दिवसाची वाट बघत होते. या खेपेला ग्रीस भरायचं होतं आणि मोटारही उतरवायची होती.

तो दिवस जेठातला. शाळेला सुट्टी होती. आदल्या आठवड्यात दोनदा वळीव येऊन गेला होता, जमीन मऊ झाली होती आणि खुंट्यावरचा तांबडा रंग वर्षभरात पार उडाला होता. नवा रंग काका उतरल्यावर देणार होते. डबा पायरीपाशी उघडून ठेवलेला होता. मोटारीचा फ्यूज काढून त्यांनी खिशात टाकला, कारण खालून चुकून कुणी बटण दाबलं तर वरचा माणूस मोटारीबरोबर ओढला जायचा. मग वर चढले. काकू पाठ करून बसल्या. मी दोरीला पिशवी बांधून हत्यारं वर पाठवत होते.

मावशी दूध घालायला गेल्या होत्या. त्यांच्या घरात नवी सून आली होती, लग्नाला महिनाही झाला नसेल. तिला म्हसोबा माहीत नव्हता. तिला बिनरंगाचा खुंटा दिसला. तिनं चंद्री नावाची म्हैस आणून त्याला बांधली आणि पाणी आणायला गेली. हे सगळं कुंपणापलीकडे, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

टॉवर एकदा थरारला. वरून काकांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, रेडिओवर बोलत तसा सपाट आवाज. "बाई, मंठा सुटला."

मी कुंपणाकडे धावले आणि तिथंच थबकले. चंद्रीनं पुढच्या हिरव्या गवतासाठी मान लांब करून हिसका दिला होता आणि मऊ जमिनीतून खुंटा उपटून आला होता. तो आता हवेत होता. एका बाजूनं त्याला टॉवरची तार, दुसऱ्या बाजूनं म्हशीचं दावं. काका तीन मजले वर, पट्ट्यानं टॉवरलाच बांधलेले, आणि टॉवरचा मंठ्याकडचा खुंटा म्हणजे आता म्हैस. ती दोन पावलं मागं आली असती, तर तार सैल पडून टॉवर बदनापूरकडे कोसळला असता.

"बाई," वरून पुन्हा तोच आवाज, "तिला मंठा धरू द्या. बदनापूर होऊ देऊ नका. पळू नका, ओरडू नका."

डावं-उजवं म्हणाले असते तर माझा गोंधळ झाला असता. ते वर उलट्या तोंडानं, मी खाली, म्हैस तिसरीकडे. पण मंठा मला झोपेतसुद्धा कळत होतं. मी हळूच वळसा घालून चंद्रीच्या पुढं, मंठ्याच्या बाजूला गेले आणि गवताची मूठ तिच्या तोंडापुढं धरली, लागेल न लागेल अशी. तिनं मान ताणली. तार ताठ झाली. गवत काही भरवशाचं नव्हतं, तिनं ते हुंगून सोडलं.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी मागं वळून बघितलं होतं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या हातात उपास सोडल्यावर खायला सकाळीच उकडून ठेवलेल्या रताळ्यांचं ताट होतं. चेहरा पांढराफटक. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि एक रताळं पुढं धरलं. चंद्रीनं जीभ काढली.

"या खाली," मी वर बघून म्हणाले.

"येतो. एक नट राह्यलाय."

आयुष्यात मी खूप बायकांना नवऱ्यावर संतापलेलं पाहिलं आहे, मीही त्यातलीच. पण त्या क्षणी काकूंच्या तोंडावर जे आलं तसलं काही पाहिलं नाही. आणि ओरडायची सोय नव्हती. आवाज चढला तर म्हैस बुजणार. तेव्हा काकू बोलल्या, पण बाळाला झोपवताना बोलतात त्या सुरात, म्हशीच्या कपाळावरून हात फिरवत.

"खा गं माझी सोन्या, खा… राहू द्या तो नट… खा गं लक्ष्मी… खाली तर या, तुमचा पाना विहिरीत टाकते का न्हाई बघा… हळू खा, हळू खा बाळा… जन्म जाळला माझा लोखंडानं… घे, अजून एक घे… आता या खेपेला खाली उतरलात तर परत टावरची पायरी दिसणार न्हाई तुम्हाला, सांगून ठेवते… शहाणी गं माझी ती…"

मला हसू येत होतं. मावशींची सून कळशी घेऊन परत आली, तिनं तार बघितली, वर माणूस बघितला आणि किंचाळायला तोंड उघडलं. काकूंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिचं तोंड मिटलं.

काका उतरायला लागले. एक पट्टी, मग दुसरी. दर पावलाला टॉवर हलका कुरकुरत होता. "मंठा," ते मधूनच म्हणत, "थोडं अजून मंठा," आणि मी आणि काकू एकेक बोट मागं सरकत, ताट मागं नेत, आणि ती म्हैस रताळ्यासाठी आपली सगळी ताकद लावून काकांना उभं धरत होती. ताटात शेवटचं रताळं उरलं तेव्हा काकू ते हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. देत नव्हत्या, घेतही नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते.

मग मला काकांचे पाय जमिनीवर दिसले. दोन्ही. ते बाजूला झाले, घराच्या भिंतीपाशी.

"आले," मी म्हणाले. "काकू, आले."

काकूंच्या हातातून रताळं पडलं. चंद्रीनं ते उचललं, खाल्लं आणि काम संपल्यासारखी घराकडे वळली, म्हणजे बदनापूरकडे. तार लोंबली. टॉवर आधी नुसता झुकला, सावकाश, जसा काही कुणाला वाट देतोय, आणि मग न्हाणीच्या पत्र्यावर असा काही आदळला की गल्लीतली कबुतरं उडाली. न्हाणीत कुणी नव्हतं. स्टेअरिंग निसटून गडगडत माझ्या दारापर्यंत आलं.

धूळ बसली. काका मोडक्या लोखंडाकडे बघत होते. "जे चढवलं ते एक दिवस उतरवावं लागतं," ते हळूच म्हणाले. काकू त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्या कमरेचा पाना काढून घेतला आणि खाली बसून रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. "माझा उपास म्हशीनं सोडला हो," म्हणत पोट धरून हसल्या. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली. मावशीही आल्या, सुनेला घेऊन. मी इतकी भूक आणि इतका हलकेपणा पुन्हा कधी अनुभवलेला नाही.

तुम्हाला वाटेल, काकू सुटल्या. त्यांनाही तसंच वाटलं होतं. पण टॉवर गेल्यावर काका घरात बसले आणि हातात पुन्हा आलेल्या पान्याला काम उरलं नाही. त्यांनी दारांच्या बिजागऱ्या आवळल्या. खाटेचे बोल्ट आवळले. शिलाई मशीन असं आवळलं की सुई हलेना. शेवटी काकूंच्या लोणच्याच्या, पापडांच्या बरण्यांची झाकणं हातानं आवळून ठेवू लागले, कुणाला उघडता येईनात. रोज सकाळी खिडकीत बसून रिकाम्या आभाळाकडे बघायचे. बोलणं कमी झालं. जेवणात मीठ नसलं तरी सांगेनात.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी काकू माझ्या दारात आल्या, हातात न उघडणारी बरणी. मी नवऱ्याला हाक मारली, त्यालाही ती उघडेना.

"बघ," काकू म्हणाल्या. "हे असं करून राह्यले. माणूस वरून पडायचं भ्या होतं मला. आता बसल्या बसल्या खचून राह्यले." मग आपल्या घराकडे वळून, जरा मोठ्यानं: "अहो, उभा करा तुमचा टावर. पण तो वाकणारा पायजे. तुम्ही वर जायचं न्हाई, त्यानं खाली यायचं."

मग काका बाहेर आले आणि बरणी एका झटक्यात उघडून दिली. "वाकणाऱ्या टावरला बिजागरी चांगली लागते," ते म्हणाले. "आपली दाराची न्हाई चालणार. जरा बघावं लागेल." त्याच दुपारी एमआयडीसीत गेले.

नवा टॉवर खालच्या जाड बिजागरीवर उभा राहिला. वर्षातून एकदा बोल्ट काढून, दोर आणि कप्पीनं तो सावकाश आडवा करायचा, ग्रीस भरायचं आणि पुन्हा उभा करायचा. उभा करायला ओढ लागायची मंठ्याच्या दिशेनं. त्या कामाला दर वर्षी चंद्री यायची. समोर काकू ताट घेऊन. स्टेअरिंग पुन्हा बसलं, गावांची चकती पुन्हा रंगली आणि काकांनी मला पुन्हा नोकरीवर घेतलं. मोटारीचं नाव काढलं नाही.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. टॉवर आडवा असेल त्या दिवशी काकू अजूनही उपास धरत.

"आता कशाला?" मी विचारलं. "आता तर चढत नाहीत."

"लोखंड आहे. आणि माणूस हा असा. टावर उभा होईपर्यंत ह्यांचे पाय जमिनीवर राहतील याचा काय भरवसा?"

नंतर आम्ही जालना सोडलं. नवऱ्यानं मंठ्यात बियाण्यांचं दुकान टाकलं, मी बदली करून घेतली. काका कधी कधी निरोप धाडत, आज सकाळी तुमच्या डोक्यावरून ऑस्ट्रेलियाशी बोललो म्हणून. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका उन्हाळ्यात मावशींच्या सुनेचा फोन आला, काका गेले. मी पोचले तेव्हा दहावं झालं होतं. मागच्या अंगणात टॉवर आडवाच पडून होता, बेअरिंगला ताजं ग्रीस. काकू पायरीवर बसल्या होत्या, आज टॉवरकडे तोंड करून.

मी शेजारी बसले. हात हातात घेतला. गार नव्हता.

"त्याच दिवशी आडवा केल्ता," त्या म्हणाल्या. "सकाळीच ग्रीस लावलं. म्हणले, ऊन उतरलं की उभा करू, जरा पडतो. चंद्रीच्या लेकीला आणायला सांगितल्तं. मी उठवायला गेले तर झोपेतच…"

त्यांनी आडव्या टॉवरकडे बघितलं.

"लोक आले. ह्यांना खाली जमिनीवर घेतलं. बाया म्हणल्या, रड, मोकळी हो. मी म्हणलं, थांबा, माझा उपास आहे. म्हणल्या, वेडी झाली. मयताच्या घरात कुणी तोंडात काही घालत न्हाई, मला काय कळत न्हाई का गं? पण मी ह्यांच्या पायांकडं बघितलं. इतकी वर्षं त्या राजूरच्या गणपतीकडं एकच मागून राह्यले, की ह्यांचे पाय नीट जमिनीला लागू दे. कुठं वर न्हाई, अधांतरी न्हाई. लागले होते. दोन्ही. मी म्हणलं, मला आधी गूळ-पाणी द्या."

"आणि दिलं?"

"मावशीनं दिलं," काकू म्हणाल्या. "उपास सोडला. मंग रडले."